शिक्का खरा, मजकूर खोटा

श्रोतेहो, मी कवितेचा माणूस, शिक्षण बी. ए. पर्यंतचं. मी संगणकावर बोलतोय याचं काहींना नवल वाटेल. पण ज्यानं एखादं पुस्तक छापून घेतलंय, त्याला ही गोष्ट सहज कळेल.

जगभरातले प्रोग्रामर आपली हस्तलिखितं इंटरनेटवरच्या सामायिक कोठारात ठेवतात. 'गिटहब' हे त्यातलं एक मोठं कोठार. कुणी कोणती ओळ कधी बदलली, याची तिथे नोंद राहते. ओळ बदलली की यंत्र सगळं पुन्हा जुळवून तपासतं; त्याला 'बिल्ड' म्हणतात. शेवटी तयार आवृत्तीवर ती सांभाळणारा माणूस डिजिटल सही करतो. हस्तलिखित, मुद्रितशोधन आणि शिक्कामोर्तब, असे हे तीन पहारे.

२०२४ साली चोर या तिन्ही पहाऱ्यांतून आत शिरला. 'एक्सझेड' हे फायली आवळून लहान करणारं छोटं सॉफ्टवेअर. लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य संगणकांत ते असतं. लासे कॉलिन ते बिनपगारी, आवडीपोटी सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी तगादा लावला, की काम संथ चाललंय, दुसऱ्याच्या हाती द्या. 'जिया टॅन' या नावाचा उत्साही मदतनीस तोवर हजर झालेलाच होता. हळूहळू आवृत्ती काढण्याचा अधिकारही त्याच्याकडे आला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यानं ५.६.० ही आवृत्ती काढली. चोरवाट चाचणीच्या फायलींत दडवली होती. तिला जागं करणाऱ्या ओळी मात्र कोठारात नव्हत्याच. त्या फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात होत्या. म्हणजे मुद्रितं कितीही वाचा, निर्दोषच दिसणार. भलतं पान छापील प्रतीत! आणि गठ्ठ्यावरची सही अगदी अस्सल.

ही चोरी पकडली अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं. दूरच्या संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त जातोय, हे त्याला खटकलं. तो माग काढत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यानं सारं जाहीर केलं. ती आवृत्ती तेव्हा मुख्यतः चाचणीच्या टप्प्यातल्या लिनक्सपर्यंतच पोचली होती, म्हणून मोठा अनर्थ टळला.

'मोर्तब' हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. शिवकालीन पत्राच्या शेवटी मोर्तबाचा शिक्का उठे; पत्र इथे संपलं, पुढची ओळ आमची नव्हे, असा त्याचा अर्थ. पण लिहिणाराच फितूर असेल तर शिक्का काय करणार? गठ्ठा कुणी दिला एवढंच सही सांगते, आत काय आहे ते सांगत नाही. केन थॉम्प्सन या संगणकतज्ज्ञानं १९८४ सालीच बजावलं होतं, की जे आपण स्वतः लिहिलेलं नाही, त्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

यावर उपाय शोधले जाताहेत. एकच हस्तलिखित दोन निरनिराळ्या छापखान्यांत छापायचं आणि प्रती अक्षरन् अक्षर जुळतात का ते बघायचं. 'डेबियन' या लिनक्सचे कार्यकर्ते अनेक वर्षं नेमकं हेच करताहेत. हा पहारा चांगलाच आहे. पण चोरानं आधी हेरलं ते कुलूप नव्हे, एक एकटा, थकलेला माणूस हेरला. अवघं जग ज्याच्या फुकट कामावर उभं होतं, त्याच्या वाट्याला तगादे आले आणि मदत म्हणून आला तो चोर. यंत्रावरचे पहारे वाढवूच. पण असा माणूस पुन्हा एकटा पडणार नाही, हे पाहणं कुठल्याही यंत्राला जमणारं नाही. ते माणसांनाच करावं लागेल.