पडद्यावरचा मेनू : यादी की फीत?

मिठाचा डबा नेहमीच्या फळीवर असला, की अंधारातही हात तेथेच जातो. संगणकाच्या पडद्यावरील आज्ञांची यादी, म्हणजेच मेनू, याच न्यायाने चालते. १९८४ च्या मॅकिंटॉशने ही यादी पडद्याच्या अगदी वरच्या कडेला बसविली. बाण कितीही वेगाने वर नेला तरी तो कडेशीच थांबे. नेम चुकण्याची धास्ती उरली नाही. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २००० ने क्वचित लागणाऱ्या आज्ञा यादीत झाकून ठेवल्या. हेतू सोयीचा होता. परंतु यादी वापरानुसार बदलू लागली आणि ओळखीची आज्ञाही हुडकावी लागे. ऑफिस २००७ मध्ये यादीच्या जागी सचित्र आज्ञांची रुंद फीत, ‘रिबन’, आली. नवख्याला तीत पुष्कळ काही एका दृष्टिक्षेपात दिसते. मात्र जुन्या यादीवर हात बसलेला कारकून एका दिवसात नवशिका ठरला. लिब्रेऑफिसच्या २०१९ च्या ६.२ आवृत्तीने यादी राखून फितीसारखी मांडणीही देऊ केली व निवड वापरणाऱ्यावर सोपविली. हाच मार्ग न्याय्य होय. जागा बदलली, की हाताने वर्षानुवर्षे कमावलेले ज्ञान मातीमोल होते. योजकाने एवढे तरी विसरू नये.