कॅमेऱ्याची भिशी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, भिशी कशी चालते हे मी तुम्हाला सांगायला नको. दहा-बारा जण दरमहा ठरलेली रक्कम काढतात, चिठ्ठी निघते आणि ज्याचा नंबर लागतो त्याच्या घरी सगळे पैसे जातात. उल्हासनगरच्या बाजारात तिला बीसी म्हणतात. आमचीही एक भिशी आहे. तिच्यात पैसे नाहीत. तिच्यात एक प्लॅस्टिकचा कॅमेरा आहे आणि तो आम्हा चौघांमध्ये पोस्टाने फिरतो.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्सची बटणं आणि चेन विकणारे एक सिंधी व्यापारी, त्यांना आम्ही साईं म्हणतो. अंबरनाथला मी. बदलापूरला शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई. आणि पुन्हा अंबरनाथलाच, पण रुळांच्या पलीकडे, ऑर्डनन्स फॅक्टरीतून टर्नर म्हणून निवृत्त झालेले भाऊ. वयाने आमच्यात थोरले तेच. चौघांनाही फोटोचं वेड, पण कुणाचाही तो धंदा नाही.

कॅमेऱ्याचं नाव होल्गा. साईंचा पुतण्या हाँगकाँगला असतो. सिंधी माणसाचा एक तरी नातेवाईक हाँगकाँगला असतोच. 2016 साली त्याने गंमत म्हणून तो काकांना आणून दिला. साईंना वाटलं, लहान मुलांचं खेळणं आहे. तसं ते दिसतंही. अंग प्लॅस्टिकचं, भिंगही प्लॅस्टिकचं. 1982 साली हाँगकाँगमध्ये हा कॅमेरा निघाला तो चीनमधल्या सामान्य माणसाला परवडावा म्हणून. त्या काळी तिकडे 120 नंबरचा रुंद रोल सर्रास मिळे. पुढे 35 मिलिमीटरचा छोटा रोल सगळीकडे पसरला आणि ज्यांच्यासाठी होल्गा केला होता त्यांना त्याची गरज उरली नाही. मग तो युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या हाती लागला. त्याच्या पाठीच्या फटीतून उजेड आत शिरतो, कडा काळवंडतात, मधलं तेवढं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. याच दोषांवर लोक लुब्ध झाले. 2015 च्या अखेरीला त्याचं उत्पादन थांबलं, दोनेक वर्षांनी पुन्हा सुरू झालं.

या कॅमेऱ्यावर आकडे जवळपास नाहीतच. अंतर ठरवायला भिंगाच्या कडेने चित्रं आहेत. एक माणूस, तीन माणसं, माणसांचा घोळका आणि डोंगर. भाऊ आयुष्यभर मायक्रोमीटरने मापं घेत आले. त्यांनी हा कॅमेरा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा विचारलं, ‘दोन माणसं उभी असली तर काय करायचं?’ ऊन आणि ढग अशी आणखी दोन चित्रं आहेत. पण जुन्या होल्गांमध्ये ती खूण इकडून तिकडे सरकवली तरी आत काही बदलतच नसे. बाईंनी हे कुठे तरी वाचलं आणि आम्हाला कळवलं, तेव्हा साईं म्हणाले, हा तर आमच्या उल्हासनगरचा माल! एके काळी उल्हासनगरच्या वस्तूंवर ‘मेड इन यूएसए’ लिहिलेलं असे आणि त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुम्ही ऐकला असेलच. साईं स्वतः तो सगळ्यांच्या आधी सांगतात.

मागून आणलेला कॅमेरा ही तशी आपल्याकडे नवी गोष्ट नाही. माझ्या लहानपणी आमच्या आख्ख्या चाळीत एकच कॅमेरा होता, आग्फाचा क्लिक थ्री. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनलेला. त्यातही हाच 120 चा रोल, बारा चौकोनी फोटो. माझे वडील विमकोच्या आगपेटीच्या कारखान्यात होते. शेजारच्या बिऱ्हाडात बारसं असो की आमच्याकडे ईद असो, कॅमेरा त्याच घरातून यायचा. अट एकच, रोल तुमचा. शेवटी दोन फोटो शिल्लक राहायचे आणि रोल संपवायचा म्हणून कुणाला तरी उभं करायचे. माझ्या अम्माचा तिच्या चाळिशीतला एकुलता एक फोटो असा, रोल संपवायचा म्हणून निघालेला आहे. हात ओले आहेत, पदर डोक्यावर घेते आहे. त्यानंतरचा तिचा फोटो थेट हजच्या पासपोर्टवरचा. आमच्याकडे फोटो काढून घ्यायला वडीलधारी माणसं नाखूश असत. म्हणून मला शिल्लक राहिलेल्या फोटोंबद्दल फार ममता आहे.

तर आमच्या भिशीचा नियम असा. बारा फोटो, चार माणसं, प्रत्येकाला तीन. साईं एक ते तीन, मी चार ते सहा, बाई सात ते नऊ, भाऊ दहा ते बारा. भाऊंच्या न्हाणीघरात रोल धुतला जाई, म्हणून ते शेवटी. कॅमेऱ्यासोबत एक शंभर पानी वही. प्रत्येक फोटोसमोर तारीख, जागा आणि एखादी ओळ लिहायची. आणि कॅमेरा एकमेकांच्या हातात द्यायचा नाही, पोस्टानेच पाठवायचा.

हे शेवटचं ऐकून लोक हसतात. अंबरनाथहून बदलापूर पुढचंच स्टेशन. लोकलने दहा मिनिटं. आणि पार्सल म्हणे आधी मोठ्या छाननी केंद्रावर जातं आणि मग उलटं फिरून येतं. दोन-तीन दिवस जातात. पण हातात दिला की माणूस बोलून मोकळा होतो, वहीत लिहीत नाही. शिवाय खोकं कधी येईल ते माहीत नसतं. दारात पोस्टमन उभा राहिला की आजही काही तरी आल्यासारखं वाटतं. मला हा नियम पटला त्याला माझं एक खासगी कारणही आहे. आपल्या पत्त्यातला सहा आकडी पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाला आणि तो बसवला टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. वेलणकर संस्कृतचे कवी होते. पहिला आकडा विभागाचा, तिसऱ्या आकड्यापर्यंत छाननीचा जिल्हा, शेवटचे तीन थेट तुमच्या पोस्टाचे. आमच्या तिन्ही गावांचे पिनकोड 421 ने सुरू होतात. खोक्यावर ते तीन आकडे लिहिताना कवी माणसाला जरा बरं वाटतं.

आणखी एक योग सांगतो. 1 मे 1854 ला रेल्वे कल्याणपर्यंत आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात देशभर एका दराचं टपाल आणि तिकिटं सुरू झाली. आणि त्याच 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्यातल्या सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. रेल्वे, टपाल आणि फोटो एकाच वर्षी या मुलखाच्या उंबरठ्यावर आले, आणि आमची भिशी या तिन्हींवर चालते.

पोस्टाच्या खिडकीचा एक किस्सा सांगायलाच हवा. कोणतं पोस्ट ते राहू द्या. पहिल्यांदा खोकं घेऊन गेलो. काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेली वस्तू, वरून तपकिरी कागद, पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव. खिडकीतल्या गृहस्थांनी नाव वाचलं, माझ्या दाढीकडे पाहिलं आणि खोकं उचलून कानाशी नेलं. या लाइनवर 11 जुलै 2006 नंतर नाव सांगताना आम्हाला अशा कानांची सवय आहे. मी म्हटलं, ‘कॅमेरा आहे.’ ते म्हणाले, ‘चालू आहे?’ मी म्हटलं, ‘थोडासा.’ मग खोकं उघडावं लागलं. मागे रांग वाढली. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, ते माणसांचं आणि डोंगराचं चित्र पाहिलं, वही चाळली. तेवढ्यात रांगेतल्या एका आजींनी विचारलं, ‘कितीला घेतला?’ खोकं पुन्हा बांधायला सुतळी त्यांनीच आतून दिली. पुढच्या खेपेला त्यांनी आपणहून विचारलं, फोटो कसे आले? मी चार प्रिंट नेऊन दाखवल्या. त्यातल्या दोन त्यांना मुळीच आवडल्या नाहीत, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आता ते माझं खोकं कानाशी नेत नाहीत. वजन मात्र दोनदा करतात.

आमच्या फोटोंबद्दल फार सांगत नाही, रेडिओवर फोटो दिसत नाहीत. एकाबद्दल सांगतो. साईंचे वडील फाळणीनंतर कराचीहून आले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत हजारो निर्वासित कुटुंबं राहिली आणि 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. वडिलांसोबत एकही फोटो आला नाही. म्हणून साईं आपले तीन फोटो नेहमी उरल्यासुरल्या बराकींवर खर्च करतात. एकदा तिसरा फोटो काढून ते रोल पुढे फिरवायला विसरले. या कॅमेऱ्यात कळ आणि रोल यांचा एकमेकांशी संबंध नाही. तुम्ही हाताने फिरवाल तेव्हाच तो फिरतो. मी आपला चौथा नंबर समजून अंबरनाथच्या शिवमंदिराचा फोटो काढला. तो बराकीवर जाऊन बसला. शके 982 म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख असलेलं शिलाहारांचं मंदिर आणि त्याच्या नक्षीतून आरपार दिसणारं बराकीचं कौलारू छप्पर, दारात वाळत घातलेले कपडे. साईंनी त्याच्या चार मोठ्या प्रती काढून घेतल्या आणि एक दुकानात लावली. गिऱ्हाइकं विचारतात, हे कुठलं देऊळ? साईं सांगतात, सिंधमधलं. मी यावर कविता करून पाहिली. झाली नाही.

पावसात भिशी बंद. बदलापूरचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेल. 26 जुलै 2005 ला उल्हास नदीने या पट्ट्यात काय केलं ते ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. जूनपासून कॅमेरा भाऊंच्या लोखंडी पेटीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत. आम्ही त्याला कॅमेऱ्याचा चातुर्मास म्हणत असू. अनंत चतुर्दशी झाली की भाऊंचं कार्ड यायचं.

मार्च 2020 मध्ये रोल भाऊंकडे होता. नऊ फोटो झालेले, शेवटचे तीन त्यांचे. टाळेबंदी लागली. लोकल बंद, भेटणंही बंद. त्यानंतर भिशी अशी पुन्हा उभी राहिलीच नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, भाऊ गेले. अंत्यविधीला आम्हाला कुणालाच जाता आलं नाही.

त्या पावसाळ्यानंतर वहिनींनी फोन केला की पेटीत तुमचा कॅमेरा आहे, घेऊन जा. आम्ही तिघं गेलो. पोस्टाचा नियम त्या दिवशी कुणी काढला नाही. रोल आतच होता. मागच्या लाल खिडकीवर भाऊंनी नेहमीची चिकटपट्टी लावलेली. पट्टी उचलून पाहिली तर आत बारा आकडा. म्हणजे दहा आणि अकरा काढून झालेले. बारावा काढला की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. वहीत दहा आणि अकरासमोर भाऊंच्या रेखीव अक्षरात नोंदी होत्या. ‘10. समोरची गॅलरी. सगळे घरात.’ आणि ‘11. ही.’ बारासमोर काही नव्हतं.

साईंचं मत पडलं, रोल धुवायचाच नाही. त्यांचं म्हणणं, दीड वर्ष झालं, धुरकट काही तरी येईल आणि वहिनींना उगाच त्रास होईल. बाई म्हणाल्या, काळा-पांढरा रोल इतक्यात मरत नाही, थोडं धुकं येईल, बाकी चित्र असतं. मी दोघांच्या मध्ये बसलो होतो आणि मला दोघांचंही पटत होतं. चहा घेऊन आलेल्या वहिनींनी ते ऐकलं. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही कशाला भांडताय? माझा फोटो आहे ना त्यात? मला बघायचाय.’

बाईंनी तो बदलापूरला त्यांच्या घरी धुतला. पूर्ण अंधारात डब्यात भरणं, मग औषध, मग हायपो, मग अर्धा तास पाणी. भाऊंनी वहीच्या शेवटच्या पानावर उन्हाळ्यातली आणि थंडीतली औषधाची वेळ वेगवेगळी लिहून ठेवली होती, तीच त्यांनी वापरली. दहावा फोटो आला. रिकामी गॅलरी, दोरीवर एक टॉवेल. अकरावा आला. वहिनी जिन्याच्या पायरीवर बसून शेंगा सोलताहेत, मान वर करून काही तरी बोलताहेत. कडा काळ्या, चेहरा स्पष्ट. बहुतेक ‘आता पुरे’ म्हणत असाव्यात, असं त्यांचंच मत पडलं. बारावी जागा नेगेटिव्हवर काचेसारखी स्वच्छ होती. म्हणजे तो फोटो भाऊंनी काढलाच नव्हता.

प्रिंट घेऊन आम्ही गेलो तेव्हा वहिनींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, ‘दहा ते बारा आता कोण काढणार?’ साईं म्हणाले, आता तिघंच, चार-चार फोटो करू. वहिनी म्हणाल्या, ‘यांचे तीन मी काढते. शिकवा मला.’ त्यांनी कधीच कॅमेरा हातात धरला नव्हता. शिकवायला पाच मिनिटं लागली. एक माणूस, तीन माणसं, घोळका, डोंगर. त्यांनीही विचारलं, दोन माणसं असली तर?

2022 च्या दिवाळीनंतर भिशी पुन्हा सुरू झाली. रोल आता बाहेरच्या देशातून आलेलाच घ्यावा लागतो. उटीचा हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कारखाना बंद पडला, त्यांचा इंदू रोल भाऊंना आवडायचा. एका रोलच्या पैशांत चौघांचं जेवण होईल. टपालातही बदल झाला. रजिस्टर पोस्ट 2025 साली स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा खिडकीतल्या त्याच गृहस्थांनी मला नवीन दर कागदावर लिहून दिले. वहीत आता वहिनींचं अक्षर आहे. त्यांची पहिली नोंद अशी: ‘10. दुपार. ऊन बरं आहे. हात हलला.’ तो फोटो खरोखरच हललेला आला आहे.

सध्या रोल बाईंकडे आहे. सातवा फोटो झाला, आठव्यासाठी बारवी धरणाकडे जायचं आहे, असं त्यांचं कार्ड परवा आलं. पावसाआधी खोकं वहिनींकडे पोचलं तर बरं.