निजामुद्दीनला उतरून

फेब्रुवारी २०२५मध्ये दिल्लीला ९८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. पुण्याहून गोवा एक्स्प्रेसनं गेलो, हजरत निजामुद्दीनला उतरलो. तालकटोरा स्टेडियमचं भाडं ठरवताना रिक्षावाल्यानं नाव, काम विचारलं. मग म्हणाला, "मुसलमान होकर मराठी में शायरी?"

गावाकडंही हेच विचारतात. दरवेळी मी उगाच खुलासे देत बसतो.

म्हटलं, आधी रहीमच्या मकबऱ्यावर ने. जवळच तर आहे. 'बाबरनामा' तुर्कीतून फारसीत आणणारा हा अकबराचा सरदार. पण त्याचे दोहे लोकांच्या बोलीत आहेत, म्हणून लोकांच्या तोंडी राहिले.

घुमटाखाली दोन मिनिटं उभा राहिलो. परत रिक्षात बसताना एवढंच म्हणालो, "हां भाई, मराठी में. चलो."