मेटल डिटेक्टर आणि हाताची रग



इंग्लंडमध्ये गव्हाची कापणी झाली की धसकटं उरलेल्या शेतांमधून हातात मेटल डिटेक्टर घेतलेली माणसं फिरू लागतात. जमीनमालकाची परवानगी घेऊन जमिनीतली जुनी नाणी, बकलं, ब्रोच शोधण्याचा हा छंद तिथे चांगलाच रुजलेला आहे. त्याला कायद्याची चौकट आहे. १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे आणि सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम १९९७ पासून चालू आहे. या योजनेत आजवर १५ लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली. २००९ मध्ये स्टॅफर्डशरमधल्या एका नांगरलेल्या शेतात अँग्लो-सॅक्सन काळातल्या सोन्याचा मोठा साठा मिळाला, तोही अशाच एका छांदिष्टाला. इतिहासाच्या दृष्टीनं इतकं मोलाचं हे काम शेवटी उभं असतं एका खांद्यावर, एका कोपरावर आणि एका मनगटावर. ही माणसं बहुधा पन्नाशी-साठी ओलांडलेली असतात. चार-पाच तास शेत धुंडाळून घरी परतताना त्यांचा हात भरून आलेला असतो, आणि 'छंद म्हटला की हे आलंच' असं म्हणून ती ते सोसतात. मला ही समजूत चुकीची वाटते. हे दुखणं छंदाचा अटळ भाग नाही, आणि ते केवळ यंत्राच्या वजनानं किंवा वयानंही होत नाही. भार सांध्यापासून किती दूर आहे आणि तेच ते स्नायू किती वेळ सुटी न घेता ताणलेले राहतात, या दोन गोष्टींवर ते अवलंबून असतं. आणि या दोन्ही गोष्टी माणसाच्या हातातल्या आहेत.

आधी अंतराचं पाहू. डिटेक्टरचा दांडा मीटरभराहून थोडा लांब असतो. त्याच्या एका टोकाला जमिनीलगत फिरणारी चपटी, गोल कॉइल असते, मधे मूठ असते आणि दुसऱ्या टोकाला कोपराजवळ टेकणारा आधार. कॉइल अर्ध्या किलोची धरा आणि ती कोपरापासून आडव्या रेषेत १०० सेंटिमीटरवर आहे असं समजा. वजनाला अंतरानं गुणलं की कोपरावर येणारा फिरता ताण मिळतो: ०.५ गुणिले १००, म्हणजे ५० किलो-सेंटिमीटर. आता बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्सची तेवढ्याच वजनाची पेटी मुठीपाशी, कोपराच्या ३० सेंटिमीटर पुढे बसवली, तर आणखी १५ वाढतात. तीच पेटी कोपराच्या बरोबर खाली नेली, तर कोपराच्या हिशोबात ती शून्य होते, आणि कोपराच्या मागे नेली तर उलट कॉइलला तोलून धरते. पण जास्त खोलवर शोध घेता यावा म्हणून एक किलोची मोठी कॉइल लावली, की पन्नासचे शंभर होतात. तराजूवर या यंत्रांच्या वजनात अर्ध्या किलोचाच फरक दिसेल, पण हाताला तो दुपटीचा जाणवतो. दुकानातल्या माहितीपत्रकात एकूण वजनाचा आकडा छापलेला असतो. ते वजन दांड्यावर कुठे आहे, हे त्यात क्वचितच सांगितलेलं असतं, आणि हाताला खरं कळतं ते तेच.

यंत्राच्या वजनात आपण आणखी एक वजन धरायला विसरतो, ते म्हणजे हाताचं स्वतःचं. खांद्यापासून बोटांपर्यंतच्या हाताचं वजन शरीराच्या साधारण ५ टक्के असतं. साठ किलोच्या माणसाचा हात म्हणजे सुमारे तीन किलो. तो शरीरालगत लोंबता असेल तर खांद्याच्या स्नायूंना जवळपास काहीच करावं लागत नाही. तोच पुढे ताणून धरला, की त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून सुमारे ३० सेंटिमीटर पुढे जातो आणि एकट्या हाताचाच ताण ९० किलो-सेंटिमीटरच्या घरात पोचतो. म्हणजे रिकामा हात पुढे धरण्याचा भार आपल्या उदाहरणातल्या कॉइलच्या भाराहून जास्त होतो. भरलेला तांब्या लांब हातावर धरून उभं राहिलं तर दोन-चार मिनिटांत हात थरथरायला लागतो. त्यात तांब्याइतकाच आपल्या हाताच्या वजनाचाही वाटा असतो. कॉइल दूरवर पोचावी म्हणून खांदा उचलून, हात लांब करून चालणारा माणूस हा दुसरा भार विनाकारण अंगावर घेतो. दांड्याची लांबी नीट लावणं म्हणूनच महत्त्वाचं आहे. ताठ उभं राहून, खांदा सैल सोडून, कोपर शरीरालगत ठेवल्यावर कॉइल पावलांच्या थोडी पुढे जमिनीला समांतर यावी. दांडा फार लांब असला तर ती पुढे जाते, फार आखूड असला तर कंबर वाकते.

आता वेळेचं. जर्मन संशोधक वॉल्टर रोहमर्ट यांनी १९६० मध्ये दाखवून दिलं की स्नायू न हलवता एका जागी ताणून धरायचा असेल, तर जोर जितका जास्त तितका तो झपाट्यानं थकतो. पूर्ण ताकदीच्या निम्म्या जोरानं धरलेली वस्तू मिनिटभरात नकोशी होते. सुमारे १५ टक्क्यांच्या खाली जोर ठेवला तर ती दीर्घकाळ धरता येते, असं त्यांचं अनुमान होतं. पुढच्या संशोधकांना हे १५ टक्केही फार उदार वाटले, आणि तासभर अखंड धरायचं असेल तर मर्यादा त्याहून बरीच खाली असल्याचं त्यांनी मांडलं. कारण असं की आकुंचन पावलेला स्नायू आपल्याच आतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबून धरतो. रक्त पुरेसं पोचत नाही, म्हणून रग लागते. पायांचं तसं नसतं. चालताना स्नायू आळीपाळीनं आवळतात आणि सैल होतात, त्यामुळे तासभर चालूनही पोटऱ्या तक्रार करत नाहीत. डिटेक्टर धरलेल्या हातात कॉइल हलते, पण मूठ, मनगट आणि खांदा यांचे बरेचसे स्नायू सतत आवळलेलेच राहतात. बाहेरून हालचाल दिसते, आतून मात्र ते एका जागी धरून ठेवण्याचं काम असतं.

मुठीचं दुखणं वेगळं आणि चिवट असतं. आपण घट्ट पकड घेतो तेव्हा बोटं मिटवणाऱ्या स्नायूंबरोबर मनगट वर उचलून धरणारे स्नायूही कामाला लागतात, नाहीतर मनगट आत वळेल. या स्नायूंची कंडरा कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर येऊन चिकटते, आणि तिथेच टेनिस एल्बो होतो. नाव टेनिसचं असलं तरी हा आजार होणारे बहुसंख्य लोक टेनिस खेळत नाहीत. १८७३ मध्ये रुंगे या जर्मन वैद्यानं त्याचं वर्णन केलं ते लिहिणाऱ्यांच्या हाताच्या संदर्भात. त्याच्याही आधी, १७१३ मध्ये, इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी लेखनिकांच्या दुखऱ्या हाताचं कारण सतत एकाच पद्धतीनं ताणलेले स्नायू हेच सांगितलं होतं. लेखणीचं वजन ते काय! टेनिस एल्बोत कंडरेला सूज असण्यापेक्षा तिचे तंतू झिजून विस्कटलेले असतात, असं सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. त्यामुळे नुसत्या वेदनाशामक गोळ्यांनी तो मुळापासून जात नाही, भार कमी करून मग हळूहळू व्यायामानं कंडरा बळकट करावी लागते. इंग्लंडच्या थंडीत जाड हातमोजे घातले की पकड आपोआप आणखी घट्ट होते, हेही ध्यानात ठेवायला हवं. मूठ बोटांवर नुसती टेकलेली असावी आणि दांडा कोपराच्या आधारपट्ट्यानं सांभाळावा. पट्टा ढिला असला की तोल राखायचं सगळं काम मुठीवर येतं.

इथे एक आक्षेप येतो. शेत मोठं, दिवस लहान, मग फेर रुंद आणि झपझप नको का? आक्षेप रास्त वाटतो, पण यंत्राचं काम समजून घेतलं की तो टिकत नाही. रुंद फेराच्या दोन्ही टोकांना कॉइल कंसात वर उचलली जाते आणि जमिनीपासून दूर जाते. जमिनीतल्या लहान नाण्याकडून परतणारा संकेत अंतराबरोबर फार वेगानं विरतो. कॉइलच्या आकारापेक्षा जास्त खोलीवर तर अंतर दुप्पट झालं की संकेत सुमारे चौसष्टपट क्षीण होतो. म्हणजे फेराच्या टोकांना आपण जमीन ओलांडतो, शोधत नाही. शिवाय प्रत्येक टोकाला वेगानं आलेली कॉइल थांबवून उलट फिरवावी लागते, आणि तो झटका मनगटाला आणि कोपराला बसतो. एका फेराला दोन सेकंद धरले तरी तासाला असे १,८०० झटके होतात. फेर आखूड ठेवला, कॉइल जमिनीला समांतर राहिली, वळण मनगटातून न घेता खांदा आणि कंबर यांतून घेतलं, पावलं लहान टाकली, तर क्षेत्र थोडं कमी होतं पण खरोखर तपासलेली जमीन वाढते. हाताला जे सोसतं तेच शोधालाही उपयोगी पडतं, ही या विषयातली मला सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते.

दुसरा आक्षेप असा की सरळ हलकं यंत्र घ्यावं, एवढ्या हिशोबाची गरज काय? हलकी यंत्रं आली हे चांगलंच झालं. एक्सपी कंपनीचं ड्यूस सुमारे एक किलोचं आहे, तर मोठ्या खोलीवरचं सोनं शोधणारं माइनलॅबचं जीपीझेड ७००० तीन किलोंहून जड आहे. पण हलकं यंत्र हात लांब करून, मूठ आवळून सहा तास फिरवलं तर तेही दुखवेल. आपल्याकडे मॉलच्या दारावर सुरक्षारक्षक जो हातातला डिटेक्टर घेऊन उभा असतो, तो साधारण अर्ध्या किलोच्या आसपासचा असतो, तरी दिवसभर प्रत्येकाच्या अंगाभोवती तो फिरवताना हात खांद्याच्या उंचीपर्यंत जात-येत राहतो. उलट जड यंत्राचं ओझं वाटून घेता येतं. पोलिश अधिकारी युझेफ कोसाट्स्की यांनी स्कॉटलंडमध्ये बनवलेला सुरुंगशोधक १९४२ मध्ये एल अलामीनच्या लढाईत वापरला गेला. त्याचं एकूण वजन १४ किलोंच्या जवळ होतं. एवढं ओझं एका हातानं पेलणं शक्यच नव्हतं, ते अंगावर वाहून न्यावं लागे. जड यंत्रांसोबत मिळणारा हार्नेस आणि लवचीक बंजी दोरी हेच काम करतात. दांडा खांद्यावरच्या पट्ट्याला लटकतो, हात फक्त दिशा देतो. हार्नेस अडचणीचा वाटतो, खाली वाकताना सोडावा लागतो, ही तक्रार खरी आहे. मात्र दोन-तीन वेळा वापरल्यावर कडी काढण्याची सवय होते, आणि रग लागलेला खांदा रात्री झोपू देत नाही ती अडचण याहून मोठी आहे.

'सवयीनं हात तयार होतो' असंही म्हटलं जातं. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात हे खरं. कंडरा मात्र फार सावकाश जुळवून घेते, तिला महिने लागतात. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात सलग सहा तास फिरणाऱ्याचा स्नायू पुढे जातो आणि कंडरा मागे राहते, दुखणं तिथून सुरू होतं. वेळ हळूहळू वाढवावी, वीसेक मिनिटांनी हात बदलावा किंवा सैल सोडावा. डाव्या हातानं सुरुवातीला काम वेडंवाकडं होतं, पण होतं. खणण्याबद्दल थोडंच सांगतो: कमरेतून वाकू नये, एक गुडघा टेकावा, गुडघ्याखाली जाड पॅड असावं आणि दरवेळी तोच गुडघा नसावा. बोटांना मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल, दुखणं विश्रांतीनंतरही आठवडेच्या आठवडे राहत असेल तर डॉक्टरांना दाखवावं. आणि साठीच्या माणसाला शेतात चालताना हात जड झाला, त्याबरोबर छाती आवळली, घाम फुटला, तर ते स्नायूंचं दुखणं समजून बसू नये. तो हृदयविकाराचा इशारा असू शकतो, लगेच मदत मागवावी.

महाराष्ट्रात हा छंद असा उघडपणे रुजलेला नाही, आणि त्याला कारणही आहे. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, संरक्षित स्मारकांच्या जागी विनापरवाना खणता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण मेटल डिटेक्टर इथेही रोज चालतो. तो बॉम्बशोधक पथकांच्या हातात असतो, आणि गडचिरोलीसारख्या भागात वाहनांच्या पुढे सुरुंगांसाठी रस्ता तपासत जाणाऱ्या जवानांच्या हातात असतो. छांदिष्टाच्या थकलेल्या हातानं कॉइल वर उचलली तर एखादं नाणं जमिनीत राहतं. जवानाच्या बाबतीत काय राहू शकतं, हे वेगळं सांगायला नको. जगभर मानवतावादी सुरुंगनिर्मूलनाच्या कामात ठराविक वेळ काम आणि ठराविक विश्रांती असा क्रम कार्यपद्धतीतच बसवलेला असतो. आपल्याकडे अशी यंत्रं खरेदी होताना निविदेत शोधाच्या खोलीइतकाच भाराच्या वाटणीचा उल्लेख असावा, हार्नेस यंत्राबरोबरच मिळावा, दांडा प्रत्येक जवानाच्या उंचीप्रमाणे लावायला शिकवावं, आणि दर वीस-तीस मिनिटांनी डिटेक्टर दुसऱ्याच्या हाती द्यायचा हा ड्युटीचाच नियम असावा, जवानाच्या सहनशक्तीवर तो सोपवू नये.