चोक टिकत नाही तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवितेच्या माणसाला मोटरसायकलच्या चोकवर बोलायला सांगितलं, तर तो काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण त्या एवढ्याशा खुंटीनं मला जे शिकवलं, ते बी.ए.च्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून बोलतो.

आमचं मलकापूर उन्हाचं गाव. वर्षातले आठ-नऊ महिने इथं चोक लागतच नाही. गाडी अंगणात उभी असते तीच तापलेली. किक मारली की सुरू. मग डिसेंबर उजाडतो, नळगंगेच्या बाजूनं गार वारा येतो आणि सकाळी गाडी रुसून बसते. तेव्हा आपल्याला चोक आठवतो. बिघाड होतो उन्हाळ्यात, धुळीनं आणि धक्क्यांनी. तो दिसतो मात्र थंडीत, आणि नेमका घाईच्या सकाळी.

माझ्या जुन्या गाडीला टाकीखाली डाव्या अंगाला एक काळी खुंटी होती. ती बाहेर ओढली की चोक लागायचा. काही वर्षांपूर्वी जानेवारीत माझ्या मुलीचा बुलढाण्याला सकाळी आठ वाजता पेपर होता. मलकापूरहून मोताळा, मग राजूर घाट चढून बुलढाणा, सुमारे ४५ किलोमीटर. पहाटेची अजान झाली, नमाज पढलो, सव्वासहाला गाडी बाहेर काढली. खुंटी ओढली, किक मारली. इंजिन फुरफुरलं आणि बंद पडलं. खाली बघतो तर खुंटी आपोआप आत गेलेली. पुन्हा ओढली, पुन्हा आत. मुलगी गाडीशेजारी उकिडवी बसली. म्हणाली, "अब्बा, मी धरते. तुम्ही किक मारा."

मी घाबरलेला. एका हातानं रेस पिळतोय, पायानं किकवर किक मारतोय. शेवटी प्लग ओला झाला. तो खोलला, पुसला, पुन्हा बसवला. गाडी सुरू झाली तेव्हा सात वाजले होते. आम्ही पोचलो तेव्हा घंटा होऊन दहा मिनिटं झाली होती. पर्यवेक्षक भला माणूस, त्यानं आत घेतलं. पण ती दहा मिनिटं गेली ती गेलीच. मुलीनं ती मला आजवर कधी बोलून दाखवली नाहीत. म्हणूनच ती माझ्या मनातून जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेलो. त्यानं खुंटी ओढून पाहिली, बोट फिरवलं आणि विचारलं, "चाचा, इथं तेल कोनं टाकलं?"

मीच टाकलं होतं. आठवडाभर आधी खुंटी थोडी जड वाटली, म्हणून मशीनचं तेल सोडलं होतं. कुरकुरलं की तेल घाला, हा आपला घरगुती इलाज. मिस्त्री हसला. "तेल वायरीले पाह्यजे, खुंटीले नाई. खुंटी घासूनच तं जागेवर राह्यते."

ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. चोकच्या आतल्या टोकाला एक स्प्रिंग असते. ती खुंटीला सतत आत ओढत असते. खुंटी बाहेर टिकते ती केवळ घर्षणावर. खुंटीच्या मागे रबरी टोपी असते, तिच्याखाली एक नट असतो. तो नट ते घर्षण कमी-जास्त करतो. धक्क्यांनी तो सैल होतो. त्यात मी तेल घालून उरलंसुरलं घर्षणही घालवलं होतं. मिस्त्रीनं तेल पुसलं, नट पाव फेरा आवळला. खुंटी ओढली, ती तिथंच राहिली. आत ढकलली, सहज आत गेली. पैसे घेतले नाहीत.

आता चोक करतो काय? पेट्रोल जळायला हवा लागते. गरम इंजिनाला वजनानं एक भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा पुरते. पण थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. म्हणून सुरुवातीला मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवावं लागतं. काही गाड्यांत चोक म्हणजे हवेची वाट अडवणारी झडप. काहींत तो पेट्रोलची एक वेगळी वाट उघडतो. या दुसऱ्या प्रकारात सुरू करताना रेस बिलकुल पिळायची नसते. रेस दिली की त्या वाटेवरची ओढ कमी होते आणि चोक लावून न लावल्यासारखाच होतो. माझी गाडी त्याच जातीची. म्हणजे मुलगी चोक धरून बसली होती आणि मी रेस पिळून तिची मेहनत वाया घालवत होतो.

तुमच्या गाडीचं असं झालं, तर आधी हातानं बघा. खुंटी ओढल्यावर आपोआप परत जाते? नट सैल आहे. खुंटी बाहेर राहते, तरी गाडी बंद पडते? वायर तुटली किंवा निसटली असेल, किंवा आतली वाट कचऱ्यानं बुजली असेल. खुंटी ओढायलाच जड जाते? वायर गंजली किंवा मुडपली आहे, जोर करू नका, तुटेल. आणि खुंटी आत असूनही काळा धूर येतो, ॲव्हरेज पडतं? मग चोक आतून पूर्ण बंद होत नाही. वायरीला थोडी ढील ठेवावी लागते. म्हणून नटही फार आवळू नये. चोक लागावा तसा तो सुटायलाही हवा.

अडीअडचणीला काही जण खुंटीखाली कपड्याची चिमटी अडकवतात. चालतं, पण इंजिन तापताच ती काढायची आठवण ठेवा. चोकवरच गाडी पळवली तर प्लग काळा पडतो आणि जादा पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. आणखी एक, थंडी आहे म्हणून बंद खोलीत गाडी सुरू करून ठेवू नका. त्या धुरातला एक वायू दिसत नाही, त्याला वास नाही, पण तो जीव घेतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. आता इंजिन किती थंड आहे ते सेन्सर बघतो आणि त्यावरून पेट्रोल ठरतं. खुंटी नाही, नट नाही. पण दुधाचे कॅन लटकवून खेड्यावरून येणाऱ्या जुन्या गाड्या आमच्या रस्त्यावर अजून आहेत. त्यांच्यासाठी एवढं सांगितलं.

चोक म्हणजे गळा दाबणं. थंड इंजिनाचा श्वास थोडा वेळ अडवला की ते जिवंत होतं, आणि वेळेवर सोडला नाही तर तेच घुसमटतं. घरातही मी पुष्कळदा असाच वागलो. जिथं थोडं घर्षण हवं होतं, तिथं तेल घातलं. जिथं हात सैल सोडायला हवा होता, तिथं रेस पिळली.

आता डिसेंबर लागण्याआधी मी एकदा चोक ओढून बघतो. मुलगी तिच्या घरी आहे. थंडीत तिचा फोन येतो तेव्हा ती हसत विचारते, "अब्बा, चोक टिकतो ना?"

टिकतो, बेटा.