तेरा पानं आणि एक हात

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पत्ते खेळायला टेबल लागत नाही. लोकलच्या डब्यात समोरासमोर बसलेल्या चौघांच्या गुडघ्यांवर एक ब्रीफकेस आडवी पडली की झालं. पानं पिसली जातात, वाटली जातात, स्टेशनं मागं पडत जातात. श्रोतेहो, नीट पाहिलंत तर त्या डब्यात पत्त्यांइतकीच महत्त्वाची वस्तू ती ब्रीफकेस आहे. सपाट आहे, चौघांना पुरते आणि उतरताना काखोटीला मारता येते. बैठ्या खेळांसाठी लहानसहान साधनं बनवणं हा माझा उद्योग. त्यातल्या सगळ्या अडचणी या ब्रीफकेसवर दिसतात. जागा कमी, गाडी हलती आणि आपलं स्टेशन आलं की सारं एका झटक्यात गोळा व्हायला हवं.

हा विचार नवा नाही. सारीपाटाचा पट कापडाचा. चार पट्ट्या, प्रत्येकीवर २४ घरं, मिळून ९६. एवढा पसारा, पण गुंडाळला की सोळा सोंगट्या नि फासे घेऊन एका पिशवीत जातो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाची १२० गोल पानं सरकत्या झाकणाच्या लाकडी पेटीत बसतात, आणि ती पेटीही रंगवलेली, म्हणजे दिवाणखान्यात मिरवायची! तिकडे इंग्लंडमध्ये, ज्यांचा समानार्थी शब्दांचा कोश प्रसिद्ध आहे त्या पीटर रॉजेट यांनी १८४० च्या दशकात खिशात मावणारा बुद्धिबळाचा पट तयार केला होता. शब्दांना कप्प्यांत बसवणारा माणूस राजा-वजिरालाही कप्प्यात बसवणारच.

फाशांचा त्रास निराळा. ल्युडो खेळताना फासा बाकाखाली गेला की निम्मा वेळ तो शोधण्यात जातो. त्यावरचा उपाय फार सोपा आहे. रेक्झिनचा चौकोनी तुकडा घ्यायचा, आतून जाड लोकरी कापड लावायचं आणि चारही कोपऱ्यांना टिचबटणं. बटणं दाबली की कडा उभ्या राहून तबक होतं, सोडली की वहीच्या पानासारखं सपाट. फासा आवाजही करत नाही. शेजारी झोपलेल्या प्रवाशाला याचं मोल विचारा.

बुद्धिबळात मात्र सोयीच्या पलीकडचा प्रश्न येतो. दृष्टिहीन खेळाडूच्या पटावर प्रत्येक घराला भोक असतं आणि मोहऱ्याच्या बुडाला खुंटी, म्हणजे चाचपताना मोहरं ढळत नाही. काळी घरं किंचित उंच आणि एका रंगाच्या मोहऱ्यांच्या डोक्यावर बारीक टाचणी. दोघेही दृष्टिहीन असतील तर प्रत्येकाचा पट वेगळा, आणि चाल मोठ्यानं सांगायची. ऐकण्यात घोटाळा नको म्हणून उभ्या रांगांना अक्षरांऐवजी नावं आहेत: ॲना, बेला, सीझर, डेव्हिड अशी थेट हेक्टरपर्यंत. आपल्याकडे दृष्टिहीनांच्या बुद्धिबळाची अखिल भारतीय संघटना १९९७ मध्ये उभी राहिली, ती चारुदत्त जाधव यांच्या पुढाकारानं. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत दर्पण इनानी यांनी या खेळात सुवर्णपदक मिळवलं. भोक, खुंटी, टाचणी. पाहायला गेलं तर सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम.

आता पत्त्यांकडे येतो, कारण माझे जास्त दिवस तिथं गेले. ओळखीतल्या एका वयस्क गृहस्थांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात गेला. दर रविवारी त्यांच्याकडे रमीचा अड्डा बसायचा. मित्र म्हणाले, "अण्णा, तुमची पानं आम्ही धरतो." अण्णा म्हणाले, "मग तुम्हीच खेळा की!" खरंच होतं त्यांचं. दुसऱ्यानं पानं धरली की त्याला ती दिसली, आणि दिसली की तो डाव अण्णांचा राहिला नाही. त्यानंतर ते नुसते बघत बसू लागले. घरच्यांना याचीच काळजी वाटत होती.

पानं उभी धरणारी लाकडी पट्टी, एवढंच हवं होतं. पण रमीत तेरा पानं, उचललेलं धरून चौदा. पान ६३ मिलिमीटर रुंद, आणि कोपऱ्यातला आकडा दिसायला प्रत्येक पान निदान १५ मिलिमीटर उघडं हवं. एका ओळीत लावली तर २६ सेंटिमीटर लांबी होते. शिवाय हात थरथरत असेल तर १५ मिलिमीटरमध्ये नेमकं एकच पान निघत नाही, दोन येतात. म्हणून सात-सातच्या दोन ओळी केल्या, मागची उंच, आणि अंतर २२ मिलिमीटर. वर सीक्वेन्स वेगळे ठेवायला थोडी मोकळी जागा. सगळं मिळून २२ सेंटिमीटर.

खाच सरळ ठेवली तर पानं डुलतात. तीच खेळाडूकडे वळलेल्या कमानीसारखी कापली की पान किंचित वाकतं, त्या ताणानंच घट्ट उभं राहतं, आणि टोकाची पानं आत वळल्यानं शेजाऱ्याला दिसत नाहीत. एका वळणानं दोन कामं झाली. लाकूड सागवानापेक्षा शिसवीचं बरं, जड असतं. एका हातानं पान ओढताना पट्टी सोबत येता कामा नये. खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. नेण्याआणण्यासाठी ती मधोमध दुभागली, पण बिजागरी किंवा खिटी लावली नाही. ती लावायला दोन हात लागतात. दोन्ही तुकड्यांत लहान चुंबकं बसवली. जवळ आणले की आपोआप जुळतात. पत्त्यांच्या दोन कॅटांसकट सगळं एका चपट्या डब्यात राहतं.

प्लॅस्टिकमध्ये ही वस्तू स्वस्त पडेल, पण साच्याचा खर्च एवढा की हजारोंनी विकल्याशिवाय तो निघत नाही. कारखानदारांना सांगून पाहिलं. "म्हातारी माणसं किती पत्ते खेळतात?" असं एकानं विचारलं. त्यांनी एखाद्या सोसायटीच्या आवारात संध्याकाळी चक्कर मारावी.

तोवर घरी करण्याजोगा एक उपाय आहे. कपडे घासायचा दाट, ताठ केसांचा ब्रश उलटा ठेवायचा आणि केसांमध्ये पानं खोचायची. कागदी पानांच्या कडा लवकर झिजतात, म्हणून प्लॅस्टिकचा कॅट घ्या. ब्रश नवाच हवा, आणि त्याची पाठ गोल नको, सपाट हवी. नाहीतर ऐन हुकमाच्या पानाला तो कलंडतो.