आईला काश्मीरला पाठवू का?

बोरीवलीहून बोलतोय, घरातूनच रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मध्येच कुकरची शिट्टी ऐकू आली तर सांभाळून घ्या.

आजचा विषयही घरातूनच आलाय. यंदा, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, आई-बाबा आणि आमच्या सोसायटीतली तीन जोडपी काश्मीरला जाणार होती. पैसे भरून झाले होते, स्वेटर माळ्यावरून खाली आले होते. मग २२ एप्रिल आला. पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २६ जणांना मारलं. त्यातले सहा महाराष्ट्रातले: तीन डोंबिवलीचे, दोन पुण्याचे, एक पनवेलचे. आपल्यासारखीच माणसं, सुट्टीत फिरायला गेलेली. त्या रात्री बाबांनी टीव्ही बंद केला आणि घरात कोणी काही बोललंच नाही. पुढे ७ मेपासून काही दिवस श्रीनगरचा विमानतळच बंद राहिला. टूर रद्द.

आता आई परत म्हणतेय, पुढच्या एप्रिलमध्ये जाऊ, ट्युलिप बघायचेत. आणि निर्णय टाकलाय माझ्यावर. "तू इंजिनीअर ना, बघ नीट काय ते आणि सांग."

इंजिनीअर काय करणार? एक्सेल उघडलं. एक कॉलम अमेरिकेचा, एक ब्रिटनचा, एक आपला. कोणतं सरकार काश्मीरबद्दल काय सांगतं ते लिहायला घेतलं.

अमेरिकेची पद्धत सोपी आहे. चार लेव्हल. एक म्हणजे नेहमीची काळजी घ्या, दोन म्हणजे जास्त काळजी घ्या, तीन म्हणजे पुन्हा विचार करा, चार म्हणजे जाऊच नका. अख्खा भारत लेव्हल दोनवर, पण जम्मू-काश्मीर चारवर. लेह आणि पूर्व लडाख त्यातून वगळलेत. गंमत म्हणजे याच पानावर माओवाद्यांमुळे पूर्व महाराष्ट्राबद्दलही इशारा आहे. नागपूरच्या माझ्या मावसभावाला सांगितलं, तर तो अर्धा तास हसत होता.

ब्रिटन लेव्हल देत नाही, जागांची नावं घेतं. पहलगाम, गुलमर्ग, सोनमर्ग, श्रीनगर, जम्मू-श्रीनगर हायवे, कुठेच जाऊ नका. विमानाने जम्मू शहरात गेलात तर चालेल. आणि एक महत्त्वाची ओळ: सल्ला मोडून गेलात तर तुमचा ट्रॅव्हल इन्शुरन्स रद्द होऊ शकतो.

आपला कॉलम? तो बराच वेळ रिकामाच राहिला. परदेशी जाणाऱ्या भारतीयांसाठी आपलं परराष्ट्र मंत्रालय सूचना काढतं. पण बोरीवलीहून श्रीनगरला जाणाऱ्यासाठी असं लेव्हलवालं कायमचं पान नाही. आपल्याकडे सल्ला येतो तो आदेश होऊन. २ ऑगस्ट २०१९ ला तिथल्या प्रशासनाने यात्रेकरूंना आणि पर्यटकांना लवकरात लवकर परत जायला सांगितलं. ती सूचना उठली १० ऑक्टोबरला. यंदा हल्ल्यानंतर आठवड्याभरात ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली. १७ जूनपासून त्यातली १६ उघडायला सुरुवात झाली, सप्टेंबरअखेर आणखी काही.

आता सोपा निष्कर्ष असा, की परदेशी सरकारं उगाच घाबरवतात. मीही आधी तेच म्हणत होतो. त्यांचा सल्ला त्यांच्या माणसांसाठी असतो. १९९५ मध्ये पहलगामच्या डोंगरात सहा परदेशी पर्यटकांचं अपहरण झालं होतं. एक निसटला, एकाचा मृतदेह सापडला, बाकी चौघांचा अजून पत्ता नाही. ते देश हे विसरणार नाहीत, ठीकच आहे. पण आपले लोक तर दरवर्षी जातात. २०२४ मध्ये जम्मू-काश्मीरला दोन कोटींहून जास्त लोक गेले असं सरकारी आकडा सांगतो, वैष्णोदेवीचे यात्रेकरू धरून.

पण मग २२ एप्रिलचं काय? पहलगामचं नाव त्यांच्या यादीत होतं. आपल्याकडे त्या दिवशी बैसरन उघडं होतं, लोक घोड्यावरून वर जात होते. इथे मी अडकलो.

माझ्या कामात हे रोज दिसतं. एक अलार्म सतत वाजत असतो, म्हणून सगळे तो म्यूट करतात. दुसरा वाजतो तो सर्व्हर पडल्यावर. अमेरिका-ब्रिटनचा इशारा वर्षानुवर्षं चालू आहे, त्यामुळे कोणता आठवडा वाईट ते त्यातून कळत नाही. आपला येतो घटना घडल्यावर. एकाचा रंग बघून घाबरायचं नाही, आणि दुसरा गप्प आहे म्हणून सगळं ठीक आहे असंही धरायचं नाही.

मग मी रंग सोडला आणि खालचा मजकूर वाचला. तिथे कामाच्या गोष्टी आहेत. पाकिस्तान सीमेपासून दहा किलोमीटर लांब राहा. मोर्चा, गर्दी दिसली की निघा. आणि तो हायवे. या पावसाळ्यात दरडींमुळे तो अनेकदा बंद होता, आणि २६ ऑगस्टला वैष्णोदेवीच्या वाटेवर दरड कोसळून तीसहून जास्त भाविक गेले. म्हणजे धोका फक्त बंदुकीचा नाही.

त्यात मी माझ्या चार ओळी घातल्या. एक, प्रीपेड सिम. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. बाबांचं प्रीपेड आहे! दोन, कोणती ठिकाणं उघडी आहेत ते निघायच्या आदल्या आठवड्यात बघायचं, बुकिंगच्या वेळचं बघून चालत नाही. तीन, विमानाने श्रीनगर, हायवे नको. चार, टूरच्या फॉर्मवरची बारीक अक्षरं. मे महिन्यात आम्हाला अर्धेच पैसे परत मिळाले. फॉर्मवर तसंच लिहिलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

हे सगळं आईला दाखवलं. तिने चष्मा लावून अख्खं एक्सेल वाचलं आणि म्हणाली, "तू तिथे असतास तर पाठवलं असतंस का?" मी म्हटलं, "गेलो असतो. पण या चार ओळी सांभाळून." "मग तूही चल."

तर मंडळी, एप्रिलची चार तिकिटं बघतोय, बायकोचंही धरून. पैसे पूर्ण परत मिळणारी, थोडी महाग. निघायच्या आठवड्यात यादी परत उघडीन, आणि तेव्हा नको वाटलं तर जाणार नाही. हे आईने आत्ताच कबूल केलंय, लेखी नाही, पण केलंय.

तुमच्या घरी असा वाद झाला असेल तर कळवा, तुम्ही काय ठरवलंत ते. आणि आधी आई-बाबांचं सिम तपासा. भेटू पुढच्या एपिसोडला.